चार्जरची मुखत्यारी

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतील दिव्यांच्या माळांचा आणि वायरींच्या भेंडोळ्यांचा बाजार जिथे विरळ होऊ लागतो त्या बाजूला, गेली अनेक वर्षे मी घरगुती विद्युत्-उपकरणांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत आलो आहे. आणि ह्या व्यवसायात मला सर्वांत अधिक वाद कशावरून घालावा लागला असेल, तर तो मजुरीच्या आकड्यावरून नव्हे, गिऱ्हाइकाला हात हलवीत घरी परत पाठविण्यावरून. गृहस्थ उन्हातून चालत येतात, खिशातून कागदाच्या पुडीत गुंडाळलेला एखादा विचित्र आकाराचा सेल काढून काउंटरवर ठेवतात, आणि ‘हुबेहूब असाच द्या’ एवढेच बोलतात. हा सेल ज्या यंत्रातून निघाला ते यंत्र कुठे आहे, आणि ते यंत्र ज्याच्यावर चार्ज होते तो चार्जर कुठे आहे, असे मी विचारले, की त्यांच्या मुद्रेवर तत्काळ अशी शंका उमटते, की हा मनुष्य सेल विकण्याऐवजी यंत्र उघडणार, त्यात एखादा बिघाड काढून दाखविणार आणि बिलाची रक्कम वाढविणार. ही शंका आमच्या पेठेत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि यंत्र आणि चार्जर ह्यांची रुजवात घेतल्याखेरीज चार्जिंगची बॅटरी बदलायची नाही, हा माझ्या दुकानाचा दंडक आहे, आणि तो मी ओळखीच्या माणसांनाही शिथिल केलेला नाही.

बॅटरीचा आकार सर्वांना प्रथम दिसतो, म्हणून तोच मुख्य प्रश्न वाटतो. वस्तुतः तो अखेरचा प्रश्न होय. मुख्य प्रश्न असा, की त्या पोकळीत बसलेल्या रसायनात वीज कोण भरते, कोणत्या गतीने भरते, आणि पुरे केव्हा म्हणते. यंत्राच्या कवचावर कंपनीचे नाव असते आणि बॅटरीच्या वेष्टनावर व्होल्टचा आकडा असतो. परंतु त्या दोघांवर खरा अंमल चालतो तो कोपऱ्यात तारेला लोंबकळणाऱ्या त्या काळ्या ठोकळ्याचा. बॅटरी बदलणे म्हणजे त्या ठोकळ्याच्या सर्व अटी वाचून पाहणे, आणि त्या एक तर तंतोतंत पाळणे किंवा त्याची मुखत्यारीच काढून घेणे. मधला मार्ग ह्या मामल्यात नाही.

उत्पादकांनी असले चमत्कारिक आकार का काढावेत, ह्यावर गिऱ्हाइकांचे मत ठरलेले असते: लुबाडणूक. मी ह्या मताशी पूर्णतः सहमत नाही. पातळ यंत्रात जाड सेल मावत नाही, ही एक उघड अडचण झाली. पण दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. यंत्राच्या आतच चार्ज करण्याची सोय असेल आणि सेलची जागा बाजारातल्या साध्या पेन्सिल सेलाच्या मापाची असेल, तर कोणी तरी कधी तरी तिथे साधा, एकदाच वापरायचा अल्कलाइन सेल घालणार, वर चार्जर लावणार, आणि मग त्या सेलातून कॉस्टिकचे पाणी सुटून सारा सर्किट-बोर्ड खाऊन टाकणार. ते टळावे म्हणून आकारच असा करावयाचा, की चुकीची वस्तू आत शिरूच नये. हा हेतू सद्हेतूच म्हटला पाहिजे. पुढे दहा वर्षांनी तो सेल बनणे बंद होते आणि चांगले चालणारे यंत्र केवळ तेवढ्यासाठी अडगळीत जाते, हे मात्र त्या हेतूचेच अपत्य आहे, आणि त्याचे पालकत्व कोणीही पत्करीत नाही.

आमच्या टेबलावर येणाऱ्या बॅटऱ्यांची कुळे मोजकीच आहेत. सर्वांत जुने कुळ शिशाचे. गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ते सिद्ध केले, आणि त्याचा प्रत्येक कप्पा दोन व्होल्टचा. दुसरे निकेल-कॅडमियमचे, स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर ह्यांनी १८९९ साली शोधलेले, कप्प्याला सव्वा व्होल्टला थोडे कमी, म्हणजे १.२ व्होल्ट, आणि त्याच घराण्यातील, तेवढ्याच व्होल्टचे पण कॅडमियमच्या विषापासून मुक्त असे निकेल-मेटल-हायड्राइड. तिसरे लिथियमचे, जे १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणले, ज्याच्या पायाभूत संशोधनासाठी २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि ज्याचा एकेक कप्पा ३.६ ते ३.७ व्होल्ट देतो. ह्यांच्या स्वभावातील भेद व्होल्टपेक्षा चार्जिंगच्या रीतीत अधिक आहे. निकेलच्या सेलाला मंद प्रवाह रात्रभर दिला आणि सकाळी दोनचार तास अधिक गेले, तरी तो जादा वीज उष्णतेत घालवून मुकाट्याने सहन करतो. शिशाला ठराविक दाब हवा, कप्प्यामागे २.२५ ते २.३ व्होल्ट, आणि तेवढ्या दाबावर ती बॅटरी महिनोन् महिने चार्जरला जोडून ठेवली तरी चालते. लिथियमला मात्र ४.२ व्होल्ट ही लक्ष्मणरेषा आहे. तिच्यापलीकडे आगीचे भय, आणि अडीच व्होल्टच्या खाली उतरू दिले तर आतले तांबे विरघळून पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होण्याचे भय.

ह्या भेदाची प्रचीती मला डास मारण्याच्या रॅकेटीने जितकी दिली तितकी कोणत्याही मौल्यवान यंत्राने दिली नाही. पावसाळा सुरू झाला, की ह्या रॅकेटी दुकानात ढिगाने येतात. नवी घेतली तरी फारसा खर्च नाही, अशी ही वस्तू. पण पुणेकर ती टाकीत नाही, आणि मला ह्या वृत्तीचे कौतुकच आहे. तिच्या मुठीत चार व्होल्टची, म्हणजे शिशाच्या दोन कप्प्यांची, एक लहानशी पांढरी बॅटरी असते. तिच्या चार व्होल्टांपासून एक सर्किट हजाराच्या घरातला दाब तयार करून जाळीत सोडते. आता ही बॅटरी भरते कशी? मुठीच्या बुडातून दोन पिना बाहेर येतात आणि सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये जातात. आत ट्रान्सफॉर्मर नाही, केवळ एक कपॅसिटर आणि चार डायोड. ह्या योजनेला ‘पुरे’ हा शब्दच ठाऊक नाही. पिना सॉकेटमध्ये आहेत तोवर ती वीज ढकलीत राहते. आतील जेल सुकते, कवच फुगते, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरते, आणि श्रावण संपण्याच्या आत रॅकेट निपचित पडते. शिवाय ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे, पिना सॉकेटमध्ये असताना मुठीतील प्रत्येक तार थेट घरच्या विजेशी जोडलेली असते. त्या वेळी मूठ उघडून आत बोट घालणाऱ्याची गत डासाहून वेगळी होण्याचे कारण नाही.

अशा रॅकेटीत जुन्या मोबाइलमधली लिथियमची बॅटरी कोंबण्याचा मोह अनेक होतकरू कारागिरांना होतो. चार व्होल्ट आणि पावणेचार व्होल्ट ह्यांत अंतर ते काय, मापही जवळपास बसते, आणि लावल्याबरोबर जाळी तडतडू लागते. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश. परंतु आत तो ‘पुरे’ न म्हणणारा कपॅसिटर तसाच बसलेला असतो, आणि शिशाची जोडी चार्ज होताना पावणेपाच व्होल्टच्याही वर जाते हे त्याच्या हिशेबात गृहीत असते. लिथियमला त्या उंचीवर नेणे म्हणजे अंथरुणाशेजारी विस्तव ठेवणे होय; कारण रॅकेट रात्री चार्जिंगला लागते ती बहुधा पलंगाजवळच. म्हणून माझ्याकडे दोनच पर्याय मिळतात. एक तर शिशाचीच बॅटरी, आणि सोबत चार्जिंगच्या तासांची सक्त ताकीद. नाही तर लिथियम, पण मग भिंतीच्या पिना मुळापासून कापून टाकावयाच्या, आतील कपॅसिटर-डायोड काढावयाचे, आणि त्या जागी टीपी४०५६ ह्या चिपचे नखाएवढे सर्किट बसवावयाचे, जे मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालते आणि बरोबर ४.२ व्होल्टला हात आखडते. हे सर्किट जसे येते तसे एक अँपिअर प्रवाह सोडते. लहान बॅटरीला तो सोसत नाही, म्हणून त्यावरील एक रेझिस्टर बदलून प्रवाह कमी करावा लागतो. बाजारात हे सर्किट विकणारे पुष्कळ आहेत. तो रेझिस्टर बदलणारे क्वचित.

शिशाच्या बॅटरीचा सुवर्णकाळ आमच्या धंद्याने भारनियमनाच्या दिवसांत पाहिला. २००५ नंतरच्या त्या काही वर्षांत महाराष्ट्रातील घराघरांत सहा व्होल्ट साडेचार अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इमर्जन्सी दिवा होता, आणि दुकानापुढे त्यांची रांग लागत असे. त्या काळी बॅटऱ्या वापरून वापरून मरत. भारनियमन सरले आणि मग त्या न वापरल्यामुळे मरू लागल्या: दिवा माळ्यावर गेला, बॅटरी आपोआप उतरत गेली, आणि उतरलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरले, जे कोणत्याही चार्जरने पुन्हा फुटत नाहीत. ‘दोनदाच वापरला हो, नवाकोरा आहे’ असे सांगून जो दिवा पुढे केला जातो, त्याची बॅटरी हमखास गेलेली, हा अनुभव इतका नित्याचा झाला आहे, की ते शब्द ऐकताच माझा हात मीटरकडे न जाता नव्या बॅटरीच्या खोक्याकडे जातो.

ह्याहून निराळे प्रकरण परदेशातून येणाऱ्या वस्तूंचे. सदाशिव आणि नारायण पेठेत, कोथरुडात, असे घर विरळा, की ज्यातील एखादे अपत्य अमेरिकेत नाही. आणि त्या अपत्याने दर भेटीत आणलेल्या वस्तूंचे जे भांडार घरात साठलेले असते, त्यात बिनतारी टेलिफोन, दाढीचे यंत्र आणि दात घासण्याचे यंत्र ही त्रिमूर्ती ठरलेली. तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची, इथली २३० ची. तेव्हा मूळ चार्जर पहिल्याच दिवशी धारातीर्थी पडलेला असतो, आणि त्याच्या जागी शेजारच्या दुकानातून ‘पिन बसते’ एवढ्या एकाच योग्यतेवर निवडलेला दुसरा आलेला असतो. बॅटरी लवकर गेली ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्या दत्तक चार्जरात निघते. टेलिफोनची बॅटरी त्या मानाने सोपी: निकेलचे तीन लहान सेल एकापुढे एक जोडलेले, ३.६ व्होल्ट, प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून दोन तारांना टोक बसविलेले. टोकात लाल-काळ्याचा क्रम कंपनीगणिक उलटसुलट असतो, म्हणून तो मीटरने पाहावा, रंगावर विश्वासू नये. मूळ पॅक मिळत नसेल तर तीन सुटे सेल जोडून तो बांधता येतो. पण इथेही ३.६ व्होल्ट हा आकडा पाहून एकच लिथियमचा सेल बसविण्याची बुद्धी कोणास झाली, तर त्याने आधी हे लक्षात घ्यावे, की फोनची बैठक हँडसेटला दिवसरात्र थोडी थोडी वीज पाजीत असते, आणि ते केवळ निकेललाच सोसते.

दाढीच्या यंत्रात सेल सोल्डर मारून पक्का केलेला असतो. सेलच्या टोकाला प्रत्यक्ष सोल्डरिंगची कावी लावणे हे ह्या धंद्यातील पातक होय. कारण धन टोकाखालचे नायलॉनचे सील उष्णतेने मऊ होते आणि त्या क्षणी बाहेरून काहीच दिसत नसले, तरी सहाएक महिन्यांत तिथून क्षार पाझरू लागतात. म्हणून निकेलची पातळ पत्ती आधीच स्पॉट वेल्डिंगने लावलेले सेल घ्यावयाचे, आणि सोल्डर त्या पत्तीच्या दूरच्या टोकाला मारावयाचे. स्पॉट वेल्डिंगमध्ये शेकडो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरता सोडतात. पत्ती चिकटते, पण सेलला त्याची धग लागत नाही. हे यंत्र मी घेतले तेव्हा खर्च अवाजवी वाटला होता. आज ते नसते तर निम्मे काम मला नाकारावे लागले असते. पाण्याखाली धुता येणाऱ्या यंत्राची रबरी कडी पुन्हा नीट बसविणे हे त्याच कामाचे दुसरे अंग. ती तिरपी बसली, तर नवा सेल पहिल्याच आंघोळीत बुडतो.

आकाराने मला खरोखर अडविले ते एका वॉकमनने. गाणे शिकलेल्या एक बाई तो घेऊन आल्या होत्या. गुरूंच्या तालमीच्या कॅसेटी त्यांच्यापाशी होत्या आणि त्या ह्याच यंत्रावर ऐकण्याचा त्यांचा परिपाठ होता. सोनीच्या त्या पातळ वॉकमनमध्ये ‘गमस्टिक’ नावाचा चपटा निकेलचा सेल असे: लांबी ६७ मिलिमीटर, रुंदी १७, आणि जाडी अवघी ६. बारीक पेन्सिल सेलही साडेदहा मिलिमीटर जाडीचा. तो तिथे मावण्याचा प्रश्नच नव्हता. नव्याने बनविलेले चपटे सेल अद्याप मिळतात, परंतु मी मागविलेल्यांपैकी काही वेष्टनावरील आकड्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. इथे मात्र रसायनाने हात दिला. गमस्टिक १.२ व्होल्टचा, चार्जिंगचा पेन्सिल सेलही १.२ व्होल्टचा, आणि हा सेल यंत्राबाहेर काढूनच चार्ज करावयाचा असल्यामुळे यंत्रात कोणाचाही अंमल चालत नव्हता. त्या काळी अशा वॉकमनसोबत बाजूला स्क्रूने अडकविण्याची, एक पेन्सिल सेल मावणारी डबी मिळत असे. बाईंची डबी केव्हाच गहाळ झाली होती. मी चपट्या सेलच्या मापाची ॲक्रिलिकची पट्टी कापली, तिच्या दोन टोकांना तांब्याचे पत्रे लावले, आणि त्यांच्या तारा बाहेर काढून सेलच्या साध्या डबीला जोडल्या. ‘काका, ही डबी आत नाही का हो जाणार? हातात कसे दिसेल ते!’ असे त्यांनी विचारले. आत जाणे शक्य नव्हते, हे मी पट्टी ठेवून दाखविले. त्या नाराजीने तो घेऊन गेल्या, आणि पुढे केव्हा तरी येऊन तशीच आणखी एक डबी, मैत्रिणीसाठी, करून मागितली.

एका निवृत्त प्राध्यापकांच्या गणकयंत्राने मला निराळाच धडा दिला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिकत असताना त्यांनी ते घेतलेले. लाल ठिपक्यांचे आकडे उमटणारे, आणि म्हणून बॅटरी भराभर पिणारे. आत निकेल-कॅडमियमचे दोन सेल एका चिमट्यात बसविलेले. ह्या जातीच्या काही यंत्रांत चार्जरची वीज बॅटरीतून वळसा घालून जाते, आणि बॅटरीच तिचा दाब काबूत ठेवते. ती नसताना किंवा तिची पत्ती गंजून संबंध तुटलेला असताना चार्जर लावला, तर अनावर दाब थेट चिपवर जातो, आणि ती चिप आता कुठेही बनत नाही. म्हणून सेल गेलेला दिसला की ‘नुसत्या चार्जरवर चालते का पाहू’ हा जो सर्वांचा पहिला प्रयोग, तोच इथे प्राणघातक. प्राध्यापकांनी सुदैवाने तो केला नव्हता. ते अभियंते होते आणि त्यांना सर्किट ठाऊक होते. त्यांची इच्छा इतकीच होती, की आताचे भरपूर क्षमतेचे, दोन हजार मिलिअँपिअर-अवरचे सेल घालावेत, म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करणे नको. मी मीटर लावून चार्जरचा प्रवाह दाखविला: जेमतेम पन्नास मिलिअँपिअर. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्याच पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला, निकेलच्या तुटीपोटी चाळीस टक्के अधिक धरले, आणि छप्पन्न तास हा आकडा काढून स्वतःच मान हलविली. आम्ही लहान क्षमतेचे सेल घातले.

ज्या बॅटऱ्या दिसायला अगदी एकसारख्या असतात त्यांचे भय मला विचित्र आकाराच्या बॅटऱ्यांहून अधिक वाटते. गोल बटन-सेलांत २०३२ ह्या आकड्याचा अर्थ केवळ एवढा, की व्यास वीस मिलिमीटर आणि जाडी ३.२. त्याच्या आधीची अक्षरे कोणी वाचीत नाही. सीआर म्हणजे एकदाच वापरावयाचा तीन व्होल्टचा सेल. एमएल म्हणजे तीनच व्होल्टचा, पण चार्ज होणारा. एलआयआर म्हणजे ३.६ व्होल्टचा, ४.२ पर्यंत चढणारा. तिघेही एकाच खाचेत सहज बसतात. एमएलच्या जागी सीआर घातला, तर यंत्र त्यात इमानेइतबारे वीज भरू लागते आणि तो फुगतो. सीआरच्या जागी एलआयआर घातला, तर तीन व्होल्टच्या यंत्रावर सव्वाचार व्होल्ट येतात. प्रकाशावर चालणाऱ्या मनगटी घड्याळांची कथा हीच. त्यांच्या पोटातील इवलासा सेल चार्ज होणारा असतो. घड्याळजी त्या मापाचा साधा सिल्व्हर-ऑक्साइडचा सेल घालून देतो, घड्याळ चालू लागते, आणि मग तबकडीखालचा सौरपट उन्हात निघालेल्या प्रत्येक दिवशी त्या बिचाऱ्यात नको असलेली वीज भरीत राहतो.

लिथियमच्या चपट्या पाकिटांवर सहा आकडे छापलेले असतात; ५०३४५० म्हणजे पाच मिलिमीटर जाड, ३४ रुंद, ५० लांब. हे वाचता आले, म्हणजे मूळ बॅटरीचे नाव ठाऊक नसले तरी काम भागते, मात्र नवी बॅटरी जाडीला किंचित कमीच घ्यावी, कारण जुनी होताना ती थोडी फुगणार. दोनऐवजी तीन तारा असल्या, तर तिसरी बहुधा उष्णता मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते, आणि ती तशीच लोंबकळत ठेवल्यास चार्जर काम नाकारतो किंवा, त्याहून वाईट, आंधळेपणाने करतो. क्षमतेच्या छापील आकड्यांविषयी मी फार सांगत नाही. १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ लांबीच्या सेलात साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवर मिळाले तरी तो उत्तम. बाजारात मात्र ९८०० छापलेले सेल राजरोस विकले जातात. त्यांना मी वजनकाट्यावर ठेवतो. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो; तीसच भरला, की त्याच्या पोटात काय आहे ह्याची अधिक चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक समजूत मला रोज खोडून काढावी लागते, ती ‘मेमरी’ची: बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, असे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते. निकेल-कॅडमियमच्या काळात ह्या सल्ल्यात तथ्यांश होता. लिथियमला तो सरळ अपायकारक. आणि निकेलचाही तीनचार सेलांचा पॅक अखेरच्या थेंबापर्यंत पिळला, तर त्यातील सर्वांत दुबळा सेल इतरांच्या जोराने उलटा चार्ज होऊन आधी मरतो, व त्याच्या एकट्याच्या मरणाने सारा पॅक बाद ठरतो.

निघालेल्या बॅटऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न दुकानाच्या मागच्या खोलीत साठत जातो. शिशाला भंगारवाला किलोने पैसे देतो, म्हणून ते परत भट्टीत जाते. निकेल-कॅडमियमला तो हात लावीत नाही, आणि नेमके तेच कचऱ्यात जाता कामा नये. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतील कॅडमियम जिंझू नदीतून भाताच्या शेतांत उतरले, आणि हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा इताइ-इताइ नावाचा रोग तिथे पसरला. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. प्रत्यक्षात माझ्या मागच्या खोलीपर्यंत अद्याप कोणी उत्पादक येऊन पोहोचलेला नाही, तेव्हा डबा भरला की तो ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रावर मी स्वतःच नेऊन देतो. लिथियमच्या फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या बादलीत असतात, टोके चिकटपट्टीने झाकून. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असे फर्मावले आहे; ते वाचून आमच्या गल्लीतील एक समव्यावसायिक चिंतेत पडले, की मग आपल्या पोटापाण्याचे काय. मला ती चिंता नाही. आधी बनलेल्या यंत्रांचा साठाच मला पुरून उरेल.

ज्या यंत्रात मी चार्जर बदलला, त्यात एक चिठ्ठी ठेवतो: तारीख, रसायन, व्होल्ट, आणि जुना चार्जर लावू नये अशी सूचना, पेन्सिलीने, कारण दमटपणात शाई पसरते. ही रीत माझ्या एकट्याची नाही. एकदा सांगलीकडच्या एका गृहस्थांनी एक ट्रान्झिस्टर आणला. चालता चालता बंद पडतो, म्हणाले. उघडून पाहिले तर कोणा अज्ञात कारागिराने मूळचा निकेलचा पॅक काढून लिथियमचा सेल, संरक्षक सर्किटासह, अतिशय सफाईने बसविला होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘चार्जर बदलला आहे. जुना लावू नये.’ गृहस्थांनी पिशवीतून दोन चार्जर काढले. नवा, हलका, कधीच न वापरलेला. आणि जुना, वजनदार, जो ते रोज लावीत आले होते. संरक्षक सर्किट दर वेळी धोका ओळखून बॅटरी तोडीत होते, म्हणूनच ती अद्याप शाबूत होती. मी त्यांना कागद वाचून दाखविला आणि तो जुना ठोकळा माझ्याकडे जमा करावा अशी विनंती केली. ‘अहो, पण तो ओरिजिनल आहे,’ गृहस्थ म्हणाले. मी व्होल्टचे आकडे दाखविले, बॅटरीचा स्वभाव सांगितला, आगीची शक्यता सांगितली. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच सांगितले, की तो कंपनीचा आहे, जपानी आहे, टाकवत नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्या चार्जरची पिन कात्रीने कापून घेण्याइतपत तडजोड त्यांनी मान्य केली. पिन माझ्याकडे राहिली. चार्जर त्यांनी तारेसकट गुंडाळून पिशवीत घातला आणि सांगलीला परत नेला.